मोळी आणि महाद्वार : मुलांच्या वाचनातील अन्यायाची ओळख

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या वाटेवरील अंथुर्णे या गावी वर्षातून दोन वेळा मोठ्या संख्येने बाहेरची माणसे येतात. आषाढी एकादशीच्या आधी काही दिवस देहूहून निघालेली तुकोबांची पालखी बारामती, सणसर असे मुक्काम करीत, बेलवडीचे गोल रिंगण आटोपून अंथुर्ण्यास विसावते आणि पुढे निमगाव केतकीची वाट धरते. दिवाळीच्या सुमारास येतात ते ऊसतोडणीचे मजूर. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला हा ऊसपट्टा आहे, भवानीनगरचा कारखानाही जवळच आहे, आणि तोड सुरू झाली की दूरच्या कोरडवाहू तालुक्यांतून मुकादमाच्या उचलीला बांधलेली कुटुंबे या परिसरात उतरतात. पालखीतल्या पाहुण्याच्या पाया पडण्यात गावाला धन्यता वाटते. कोयता घेऊन आलेला पाहुणा शिवाराच्या कडेला कोपी घालून राहतो. अशा गावातील सात-आठ वर्षांचे मूल या दोन्ही गोष्टी डोळ्यांनी पाहत असते. तिसऱ्या कोणी त्याला विषमता दाखवून देण्याची गरज नसते. गरज असते ती पाहिलेल्या गोष्टीला शब्द देण्याची, आणि हे काम मराठीत मुलांसाठी लिहिल्या गेलेल्या वाङ्मयाने कितपत केले आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या विचाराचा आरंभ ‘श्यामची आई’पासून करणे अपरिहार्य आहे. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहावयास घेतले व १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याचा बाह्य आकार बेचाळीस रात्रींचा आहे. आश्रमातील सोबत्यांना वाढत्या वयाचा श्याम आपल्या आईच्या आठवणी सांगतो. म्हणजे पुस्तकातील श्रोते लहान मुले नाहीत. मुले ऐकतात ती मोठ्यांच्या मागे बसून. या आडून ऐकण्यामुळेच पुस्तकातील उपदेश मुलांना सह्य होत असावा, कारण तो सरळ त्यांच्या अंगावर येत नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिक्षक म्हणून व वसतिगृहातील मुलांचा सांभाळ करताना गुरुजींनी मुलांचे कान ओळखले होते, हे या रचनेवरून दिसते.

पंचविसाव्या रात्रीची कथा ‘देवाला सारी प्रिय’ या नावाची आहे. महार समाजातील एका थकलेल्या म्हातारीची लाकडांची मोळी खाली पडली आहे आणि ती पुन्हा डोक्यावर घेणे तिच्या शक्तीबाहेरचे झाले आहे. श्यामची आई हे पाहते आणि श्यामला मोळी उचलून द्यावयास सांगते. श्याम कचरतो. लोक हसतील, बोलतील, ही त्याची भीती आहे. आई त्याची भीती उडवून लावीत नाही. ती त्याला उत्तर पुरवते : मोळी दे आणि घरी येऊन आंघोळ कर, कोणी विचारले तर आंघोळ करणार आहे असे सांग. श्याम जातो, मोळी उचलून देतो, वाटेत बोलणाऱ्याचे बोलणे ऐकतो, घरी येतो.

या कथेवर अलीकडच्या काळात जो आक्षेप घेतला जातो तो याच आंघोळीवर. करुणा दाखवून पुन्हा विटाळ मान्य करणारी ही आई मुलांना काय शिकविते, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, परंतु तो ज्या ठिकाणी विचारला जातो ते ठिकाण चुकीचे वाटते. दापोली तालुक्यातील पालगडसारख्या गावात, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील एका ब्राह्मण गृहिणीच्या तोंडी आंघोळीखेरीज दुसरे काही घातले असते तर ते खोटे झाले असते. आंघोळ हा या कथेतील सर्वांत प्रामाणिक शब्द आहे. त्या एका शब्दामुळे कळते की आईने रूढीच्या भिंतीला धक्का दिलेला नाही, तिने भिंतीतील एक फट शोधून काढली आहे. रूढीनेच दिलेली शुद्धीची सवलत तिने रूढीविरुद्धच्या कृत्यासाठी वापरली. घरातल्या घरात अधिकार नसलेल्या माणसाची ही युक्ती आहे, आणि जिला स्वतःला घरात फारसा अधिकार नाही अशी स्त्री ती चालविते. मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती काढणाऱ्यास ही आंघोळ गाळण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो आवरला पाहिजे. ती गाळल्याबरोबर कथा गोड होईल आणि तिच्यातील विचार करण्याजोगा भाग नाहीसा होईल.

कथेची खरी मर्यादा अन्यत्र आहे. ती मोळी पडते तेथे कथा सुरू होते आणि मोळी डोक्यावर चढते तेथे संपते. म्हातारी कोठून आली, तिला या वयात लाकडे का वाहावी लागतात, ती ज्या वाटेने जाणार त्या वाटेवर कोणाच्या विहिरी आहेत व तिला पाणी कोण घालणार, यांतील काहीही श्यामच्या मनात येत नाही, म्हणून वाचणाऱ्या मुलाच्याही मनात येत नाही. आणि मुख्य म्हणजे म्हातारीला बोलावयास जवळजवळ जागाच नाही. तिने आशीर्वाद द्यावयाचा. कथेत दोन माणसे विचार करतात, आई आणि श्याम. तिसरे माणूस त्यांच्या विचाराचे निमित्त होते. पाचव्या रात्रीच्या ‘मथुरी’तही थोड्याफार फरकाने हेच आहे. तेथे कांडपिणीच्या आजारपणात आईचे मन दिसते, आणि मथुरीची ओळख त्या मनाच्या उजेडात होते.

ही रीत गुरुजींनी शोधून काढलेली नव्हे. पैठणच्या वाळवंटात तापलेल्या वाळूवर रडणारे महाराचे मूल एकनाथांनी उचलून घेतले, ही परंपरेने चालत आलेली कथा मराठी मूल कितीतरी पिढ्या ऐकत आले आहे. श्यामच्या आईचे कुळ तेथे आहे. संतचरित्रांनी मराठी मनाला दया शिकविली; ती शिकविताना दया करणारा कथेच्या मध्यभागी आणि ज्याच्यावर ती करावयाची तो कडेला, अशी मांडणीही शिकविली. नाथांच्या कडेवरचे ते मूल पुढे कोठे गेले, त्याचे नाव काय, हे कोणी विचारले नाही.

येथे काळाचा एक योग नोंदविण्याजोगा आहे. गुरुजी नाशिकच्या तुरुंगात मोळीची ही आठवण लिहून काढीत होते त्या वेळी त्याच शहरात काळाराम मंदिराच्या दारातला लढा अद्याप निवळलेला नव्हता. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली व भाऊराव गायकवाडांच्या संघटनेने २ मार्च १९३० रोजी तो सत्याग्रह सुरू झाला आणि मधल्या खंडांसह काही वर्षे चालला. मंदिर उघडले नाही. ‘श्यामची आई’ ज्या वर्षी प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्यास धर्मांतराची घोषणा झाली. तुरुंगाच्या भिंतीआड ज्या म्हातारीची मोळी उचलली जात होती तिचीच नातवंडे, अर्थाने म्हणावयाचे तर, भिंतीबाहेर देवळाच्या दारात बसली होती आणि त्यांना मोळी उचलून देणारा हात नको होता. त्यांना दार हवे होते. मुलांच्या वाचनात यांतील पहिले दृश्य घरोघर पोहोचले. दुसरे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातील चार ओळींत राहिले.

गुरुजींवर अन्याय होऊ नये म्हणून त्यांच्या पुढच्या पावलाकडे पाहणे आवश्यक आहे. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी १ मे १९४७ रोजी तेथील तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले व ते १० मे रोजी सुटले. त्यापूर्वी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा करून गावोगाव हा प्रश्न लोकांपुढे मांडला होता. गांधीजींची या उपोषणास संमती नव्हती. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात त्याच वर्षी व्हावयाचा होता, तेव्हा घाई कशाला, असे म्हणणारेही होते. गणेश वासुदेव मावळंकरांनी मध्यस्थी केली आणि दार उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. पंचविसाव्या रात्री ज्याने भिंतीतील फट वापरली, त्याने बारा वर्षांनी भिंतीपुढे बसून ती हटविण्याची मागणी केली. मधे कोणती विचारांची वाट झाली असेल ती असो. परंतु मोळीपासून महाद्वारापर्यंतचा हा प्रवास एकाच माणसाचा आहे, आणि मुलांना आजवर त्यातील पहिला टप्पाच प्रामुख्याने वाचावयास मिळाला आहे.

महाद्वार हा शब्द येथे नुसता अलंकार म्हणून वापरलेला नाही. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबांचा अंत झाला आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वाराशी समाधी बांधली, असे परंपरा सांगते. चोखोबा त्या दाराशी येऊन थांबले. अंथुर्ण्यातून जाणारी पालखी ज्या दाराकडे चाललेली असते ते हेच दार. पालखीच्या वाटेवर भेदाभेद नाहीत असे मुलांना सांगण्याची पद्धत आहे, ते अर्धे खरे आहे. इरावती कर्वे यांनी ‘परिपूर्ती’तील (१९४९) ‘वाटचाल’ या लेखात ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर केलेल्या प्रवासाचे जे वर्णन केले आहे त्यात एकत्र चालणारी व एकत्र गाणारी माणसे जेवावयास मात्र वेगवेगळी बसतात, याची बोच लपलेली नाही. एका बाईने त्या पंक्तींकडे पाहून अस्वस्थ व्हावे आणि ते लिहून ठेवावे, ही गोष्ट मुलांच्या दृष्टीने दहा उपदेशांहून मोलाची आहे. अंथुर्ण्याच्या शाळेत वारीवर निबंध लिहावयास सांगताना मुलांना एवढेच विचारावे की दिंडीत कोण कोठे चालते आणि कोण कोठे जेवते. जे पाहिले ते लिहावयाचे आहे. निष्कर्षाची घाई नको.

उपोषणाची गोष्ट लहान मुलांना सांगण्यात एक अडचण आहे, आणि तीच तिची सोयही आहे. अन्नावर रुसणे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. ताट पुढे सारले की आईचा जीव कासावीस होतो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. तेव्हा गुरुजी पंढरपुरास रुसून बसले होते काय, असे एखादे मूल विचारील, आणि शिक्षकाने त्या प्रश्नावर रागावू नये. हा प्रश्न गांभीर्याने घेण्यासारखा आहे. उपोषण हेही प्रेमाच्या माणसावर टाकलेले दडपणच असते. फरक शोधावयाचा तर तो मुलाबरोबर बसून शोधावा. रुसणारा स्वतःसाठी काही मागतो. येथे मागणारा ब्राह्मण होता आणि त्याला देवळाचे दार कधीच बंद नव्हते. रुसणारा कारण सांगत नाही, समोरच्याने ते ओळखावे अशी त्याची अपेक्षा असते. येथे उपाशी बसण्याआधी गावोगाव कारण सांगितले गेले होते. इतके झाल्यावरही गांधीजींसारख्या माणसाला ते पटले नव्हते, हे मुलांपासून लपवू नये. दोन चांगली माणसे एका प्रश्नावर वेगळ्या मताची असू शकतात आणि त्यांतील एक जण मोठ्याचे न ऐकता स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे वागतो, ही माहिती आज्ञाधारकपणावर वाढविलेल्या मुलाला फार उपयोगी पडते. ‘श्यामची आई’त अशी माहिती मिळत नाही. तेथे आई सांगते आणि श्याम उशिरा का होईना ऐकतो. ‘श्यामचे पोहणे’ या कथेत तर आई शिंपटीने मारून त्याला विहिरीकडे धाडते आणि मग वळांना तेल लावताना रडते. कथा हृद्य आहे. शांततेचा मार्ग मात्र तीत नाही.

स्विस मानसशास्त्रज्ञ प्याजे यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुलांच्या नीतिविचारावरील ग्रंथाचा येथे उपयोग होतो. त्यांनी न्यूशातेल व जिनीव्हा येथील मुलांना गोट्या खेळताना पाहिले आणि नियम कोणी केले असे विचारले. लहान मुलांना नियम वडिलांकडून किंवा देवाकडून आलेले, म्हणून न बदलणारे वाटत. दहाच्या आसपासच्या मुलांना कळू लागले होते की सर्वांनी मिळून ठरविले तर नियम बदलता येतो. गोट्यांच्या गल्लीपासून काळारामाच्या दारापर्यंत जाणारी वाट येथून निघते. विटाळ हाही कोणीतरी केलेला नियम आहे, आणि ज्यांच्यावर तो चालविला जातो त्यांना तो करताना कोणी विचारले नव्हते, एवढे कळण्यास दहा वर्षांचे वय पुरेसे आहे. त्याहून लहान वयाची गोष्ट वेगळी. तेथे कथेपेक्षा बसण्याउठण्याची व्यवस्था अधिक शिकविते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळाच मुलाच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्या उद्योगातून रूढ झाला. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी व अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालविली. न्याय या शब्दाचा उच्चारही न करता तीन-चार वर्षांच्या मुलाला तो दाखविण्याचा याहून सरळ प्रकार मराठी मुलुखात दुसरा झालेला नाही.

आतापर्यंत पाहिलेल्या सर्व उदाहरणांत मूल हे ऐकणारे आहे. परंतु ‘श्यामची आई’च्या ऐंशी वर्षे आधी एका मुलीने स्वतः लिहिले होते. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या, सुमारे चौदा वर्षांच्या मुक्ताबाईचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ पत्राच्या १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत छापला गेला. त्याची गणना सामान्यतः दलित वाङ्मयाच्या पूर्वेतिहासात केली जाते, आणि ते योग्यच आहे. बालवाङ्मयाच्या इतिहासात मात्र त्याचा उल्लेख होत नाही, आणि ही चूक मोठी आहे. मुलाने लिहिलेले व मुलाला कळणारे गद्य म्हणून त्याकडे पाहिले तर त्याची ताकद वेगळीच दिसते. मुक्ताबाई विचारते की वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर ज्यांना वेद पाहण्याचीही बंदी आहे त्यांचा धर्म कोणता? हा प्रश्न पंडितांच्या वादात बसेल. पण त्याची घडण लहान मुलाच्या तर्काची आहे, ‘हे त्यांचे, तर मग आमचे कोणते’ या जातीची. वाड्यांच्या पायात माणसे गाडल्याचे, पेशवाईत तालीमखान्यावरून गेल्याबद्दल डोकी उडविल्याचे ती सांगते. बाळंत होणाऱ्या बायकांना डोक्यावर छप्पर नसे, हेही ती सांगते, आणि पुस्तकी करुणेचा सूर कोठेही न लावता सांगते.

या निबंधातील एक निरीक्षण प्रस्तुत विषयाच्या गाभ्याशी जाते. ब्राह्मणांच्या मुलांनी दगड मारून रक्त काढले तरी मांग-महारांची मुले तक्रार करीत नाहीत, कारण उष्टे मागावयास त्यांच्याच दारी जावयाचे असते. निषेध का होत नाही, याचे इतके थोडक्यात दिलेले उत्तर मराठीत शोधून सापडणार नाही. मुलांना शांततामय प्रतिकाराचे धडे देताना असे गृहीत धरले जाते की धैर्य असले म्हणजे बोलता येते. मुक्ताबाईस ठाऊक होते की बोलण्याची किंमत संध्याकाळच्या भाकरीत मोजावी लागते. ज्याच्या घरी भाकरी आहे त्याच्या मौनाला आणि ज्याच्या घरी नाही त्याच्या मौनाला एकच नाव देता येत नाही. वर्गात दोन्ही प्रकारची मुले शेजारी बसलेली असतात, आणि धैर्याचा पाठ सर्वांना सारखाच दिला जातो.

मोळीची कथा दुसऱ्या बाजूने लिहिली जावयास मात्र बराच काळ जावा लागला. १९७० नंतरच्या दलित आत्मकथनांतून, ‘बलुतं’ (१९७८), ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) यांसारख्या पुस्तकांतून, बालपणाचा तो भाग प्रथमच विस्ताराने पुढे आला. परंतु श्यामच्या आईशेजारी ठेवून वाचावयाचे पुस्तक म्हटले तर ते ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) होय. पालगड आणि पवारांचे फणसवळे दोन्ही रत्नागिरी जिल्ह्यातील. ‘आयदान’च्या आरंभीच डोंगरवाट तुडवीत रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बायका आहेत, त्यांच्या डोक्यावर लाकडे आहेत, गवत आहे. या बायका थकतात, थांबतात, हसतात आणि इतक्या आडबाजूस येऊन वस्ती केल्याबद्दल मूळ पुरुषास शिव्या देतात. श्यामच्या कथेतील म्हातारी येथे अनेक होऊन बोलू लागली आहे. तिला मोळी उचलून देणारी माणसे तिच्याच सोबतीच्या बायका आहेत.

त्याच पुस्तकात एक प्रसंग आहे. शाळेच्या आवारातील शेण काढण्यावरून शिक्षक मुलीला मारतो. मुलीचे वडील वारले आहेत, आई दारात बसून बांबूच्या टोपल्या, सुपे, म्हणजे आयदाने, विणून घर चालविते. शिक्षक रस्त्याने जाताना ती त्याला थांबविते आणि जाब विचारते. ती हात उगारीत नाही. आपण विधवा आहोत, मुलींनी शिकावे म्हणून येथे बसून राबतो, आणि तुम्ही तिच्याशी असे वागता, एवढाच तिच्या बोलण्याचा आशय; आणि पुन्हा असे झाले तर पाहून घेईन, अशी ताकीद. उपोषण, मोर्चा, घोषणा यांतील काहीही तिच्याजवळ नाही. तिच्याजवळ रस्ता आहे आणि आवाज आहे. शांततामय निषेध म्हणजे काय हे आठ-दहा वर्षांच्या मुलाला ज्या प्रसंगावरून समजेल असा प्रसंग मराठीत शोधावयाचा तर हाच पहिला हाताशी येतो. श्यामच्या आईने मुलाला दुसऱ्यासाठी वाकावयास शिकविले. ही आई मुलीसाठी उभी राहते, आणि मुलगी ते पाहते. दोन्ही आया रत्नागिरीकडच्या, दोघींच्या घरी दारिद्र्य. मराठी मुलाच्या वाचनात यांतील एकच आई असावी आणि तिचे नाव घेताच डोळे भरून यावेत, दुसरीचे नावही ठाऊक नसावे, ही वाङ्मयीन अभिरुचीची बाब मानून सोडून देता येत नाही.

मुलांना हे सर्व वाचावयास देण्याविरुद्ध दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक अशी की मुले फार लहान आहेत. तिचे उत्तर दगड खाणाऱ्या मुलांनी १८५५ मध्येच दिले आहे. ज्या वयात सोसावे लागते त्या वयात वाचावयास हरकत नसावी. दुसरी अशी की याने मुलांच्या मनात द्वेष पेरला जाईल. ही भीती अगदीच पोकळ नाही. अन्यायाची कथा सांगताना अन्याय करणाऱ्याचे चित्र राक्षसासारखे रंगविण्याचा मोह होतो, आणि वर्गातील एखाद्या मुलाच्या आडनावाकडे बाकीची मुले वळून पाहू लागतात. पण याच भीतीपोटी हुतात्म्यांच्या कथा मात्र निःशंकपणे सांगितल्या जातात, हे विचित्र आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला मिरवणुकीतील शिरीषकुमार मेहता व त्याचे सोबती गोळीबारात मरण पावले. शिरीषकुमार अवघा पंधरा वर्षांचा होता. ही कथा मुलांना सांगितली जाते ती बहुधा गोळीची आणि झेंड्याची. गोळीच्या आधी ही मुले काय बोलत होती, मिरवणूक काढावी असे त्यांना का वाटले, मागे फिरावे की नाही यावर त्यांच्यात चर्चा झाली असेल का, हे विचारण्यापर्यंत सांगणारा पोहोचत नाही. मरणाचा पाठ मुलांना झेपतो आणि प्रश्नाचा झेपत नाही, हे मत शिक्षकांच्या सोयीचे आहे, मुलांच्या नव्हे.

‘श्यामची आई’ बाजूला सारावे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. मोळी उचलून देण्यास आधी ती पडलेली दिसावी लागते, आणि ते दिसण्याची सवय या पुस्तकाने मराठी मुलांच्या तीन-चार पिढ्यांना लावली. ‘मुकी फुले’त उमलण्याआधी कळ्या तोडणाऱ्या श्यामला आई थांबविते, तेथेही दुसऱ्याच्या जिवाकडे पाहण्याची हीच नजर आहे. प्रश्न शेजाराचा आहे. पंचविसाव्या रात्रीची कथा एकटी वाचली तर ती दयेची कथा राहते. तिच्या पुढे १९४७ चे पंढरपूर, तिच्या मागे मुक्ताबाईचा निबंध आणि तिच्या शेजारी आयदाने विणणारी आई ठेवली की त्याच कथेतील आंघोळ बोलू लागते. मुले मग विचारतात की आईने आंघोळ का सांगितली, आणि म्हातारी घरी गेल्यावर काय म्हणाली असेल.

अंथुर्ण्यासारख्या गावातील मुलास मोळी हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. तोडलेल्या उसाचीही मोळीच बांधतात; ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढविण्याचे काम बायकाही करतात, आणि नवरा-बायको मिळून हिशोबात एक कोयता धरला जातो. गळीत हंगामाच्या आरंभी कारखान्याच्या गव्हाणीत पहिली मोळी टाकण्याचा समारंभ होतो. मोळीची पूजा होते, हार घातले जातात, मान्यवर मंडळी व्यासपीठावर असतात. ती मोळी कोणाच्या डोक्यावरून तेथपर्यंत आली आणि त्या डोक्याच्या मालकिणीची मुले त्या दिवशी कोणत्या शाळेत होती, हे दोन प्रश्न चौथीच्या वर्गात ‘देवाला सारी प्रिय’ शिकवून झाल्यावर फळ्यावर लिहिता येतात. उत्तरे बहुधा मुलांना ठाऊक असतील. त्यांतील एखादे मूल कोपीतून आलेले असेल, तर तेच सांगेल.